आकाशवाणी नागपूरचा सरकारी पैसा टिकायला हवा की नको?

संत्रानगरी
अमेरिकेच्या काँग्रेसने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचे ११० कोटी डॉलर परत घेतले. ज्या संस्थेमार्फत हा पैसा दीड हजार स्थानिक केंद्रांपर्यंत पोचायचा, तिने पुढच्याच महिन्यात गाशा गुंडाळायला घेतला. मोठ्या शहरांतल्या केंद्रांना देणगीदार तरी आहेत, खेड्यापाड्यांतल्यांना कोण विचारतो?

आपल्याकडेही धोका आहेच. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला होता. पुण्यात ओरड झाली, स्थगिती मिळाली. उद्या सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या १९४८ च्या केंद्रावर ही वेळ आली तर?

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. म्हणजे इथला वृत्तविभाग गेला की रेडिओवरून विदर्भाची बातमी गेली. म्हणून आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या अनुदानातला एक वाटा स्थानिक बातम्या आणि कार्यक्रमांसाठी राखून ठेवा, त्याला कोणी हात लावायचा नाही.

धंतोलीकर
अजिबात पटलं नाही. बंदीच अडचण असेल तर बंदी उठवा ना! करदात्याचा पैसा कशाला? प्रसार भारती १९९७ पासून कागदावर स्वायत्त आहे, पण पगार सरकार देतं आणि बातम्यांचा सूरही सरकारीच असतो. हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवर लोक दिवसेंदिवस धरणं धरून बसतात. त्यांचं म्हणणं किती वेळ ऐकवतात आणि मंत्र्यांचं किती, एकदा कान देऊन ऐका.

काटोलची बाग
भाऊ, आमच्याकडे येऊन पाहा. संत्र्याच्या फांदीला रेडिओ टांगलेला असते. दोन्ही हात फवारणीच्या पंपात गुंतलेले, तेव्हा मोबाइल कोण पाहीन? आंबिया बहाराची फळगळ होऊन राहिली असली की कृषी विद्यापीठाचा माणूस काय सांगते ते आम्ही ऐकतो. यूट्यूबवरही सल्ले लय आहेत, पण अर्ध्या जणांना शेवटी त्यांचं औषधच खपवायचं असते. आकाशवाणीवरच्या माणसाले मले काही विकायचं नसते. माह्यासाठी एवढं पुरे आहे.

धंतोलीकर
काटोलचं म्हणणं मानतो. पण त्यासाठी एवढा डोलारा लागतो का? शेतीचा कार्यक्रम विद्यापीठाचं सामुदायिक रेडिओ केंद्रही करू शकेल.

वैनगंगाकाठ
सामुदायिक केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरवर विरतो. आकाशवाणीची ५८५ किलोहर्ट्झची मीडियम वेव्ह जिल्हे ओलांडून जाते. गोसीखुर्द धरणाचं पाणी सोडलं की खालच्या गावांना तेव्हाच कळायला हवं, आणि पुरात वीज नि मोबाइलचा टॉवर दोन्ही जातात. उरतो सेलवरचा रेडिओ.
बंदी उठवण्याबद्दल म्हणाल तर जरूर उठवा. पण खासगी एफएमला जाहिरात मिळते ती सीताबर्डीच्या दुकानांची. तो पैसा गडचिरोलीतल्या भामरागडला वार्ताहर पाठवणार नाही.

संत्रानगरी
धंतोलीकर, सूर सरकारी आहे हे मलाही खटकतं. पण दरवर्षी दिल्लीपुढे हात पसरावा लागला की माणूस आवाज खालीच ठेवणार. पाच वर्षांचा पैसा कायद्याने आधीच बांधून दिला तर केंद्रातल्या लोकांचा कणा ताठ राहील.

धंतोलीकर
अमेरिकेत दोन वर्षं आधी पैसा मंजूर व्हायचा. तरी काढून घेतलाच की. कायदा करणारेच कायदा मोडतात, त्यामुळे तुमच्या राखीव वाट्यावर माझा भरवसा नाही. आधी केंद्राने दर महिन्याला जाहीर करावं: किती तास नागपुरात तयार झाले, किती मुंबई-दिल्लीचे जोडले, आणि स्थानिक कार्यक्रमांवर खर्च किती झाला. ते आकडे पाहू द्या, मग पैशाचं बोलू.

वैनगंगाकाठ
आकडे मागायलाच हवेत. माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकतो. पण ते येईपर्यंत पैसा थांबवा म्हणाल, तर मोजायला केंद्र तरी उरेल का?