मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमानप्रवासाचे प्रत्यक्ष तास किती धरावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार. माझी आई (वय 67) जानेवारीत सोलापूरहून मुंबईमार्गे न्यूयॉर्कला माझ्या बहिणीकडे जाणार असून एप्रिलमध्ये परतणार आहे. तिला दोन्ही वेळच्या जेवणाआधी इन्सुलिन घ्यावे लागते. येथील डॉक्टरांनी वेळापत्रक आखण्याआधी मला एवढेच विचारले, की घड्याळे काय दाखवतात ते बाजूला ठेवून प्रत्यक्ष किती तास जातात ते सांगा.

जातानाचे विमान रात्री 1 वाजता सुटते आणि त्याच तारखेला सकाळी 7 वाजता उतरते. दोन्ही वेळा स्थानिक आहेत आणि हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणून हा प्रवास साडेसोळा तासांचा होतो. परतीचे विमान तेथून सकाळी 11 वाजता निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मुंबईत येते. येथेही मी आधी साडेदहा तासच वजा केले आणि उत्तर 13 आले. नंतर लक्षात आले, की अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात. म्हणजे एप्रिलमध्ये फरक साडेनऊ तासांचा आणि प्रवास 14 तासांचा. हा हिशेब कृपया कोणीतरी तपासावा. औषधाच्या बाबतीत एका तासाचीही चूक मला नको आहे.

अंतराचे आकडे 12,540, 7,790 आणि 6,770 असे तीन मिळाले. ते अनुक्रमे किलोमीटर, मैल आणि सागरी मैल आहेत. मुलाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तेव्हा सर्वांत जवळचा मार्ग पश्चिमेकडे सरळ न जाता पाकिस्तान, मध्य आशिया आणि रशियावरून उत्तरेकडे चढताना दिसला. ताशी 900 किलोमीटरने हे अंतर जेमतेम 14 तासांचे आहे. जाताना लागणारे जास्तीचे अडीच तास पश्चिमेकडून येणाऱ्या उंचावरच्या वाऱ्यांमुळे असावेत. शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली होती. असा वळसा घ्यावा लागला, तर तो वेळ तिकिटावरच्या तासांत आधीच धरलेला असतो, की ऐनवेळी वाढतो?

आई आदल्या दिवशी सकाळच्या वंदे भारतने निघून दुपारी दादरला उतरेल आणि संध्याकाळी विमानतळावर पोहोचेल. तोवरचे जेवण आमच्या हातात आहे. पुढचे मात्र आपल्यापैकी ज्यांनी हा प्रवास केला आहे, तेच सांगू शकतील. रात्री 1 च्या विमानात पहिले जेवण उड्डाणानंतर किती वेळाने येते, दुसरे कधी येते आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर तपासणीच्या रांगेतून बाहेर पडायला साधारण किती वेळ धरावा? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना भेटायचे आहे.