‘मूळ कारण मोबाइल’: कालच्या व्हिडिओवरून ग्रुपवर

मृणालताई: रात्री साडेअकरापर्यंत अमेरिकेतल्या राजकीय फुटीचे व्हिडिओ चालू होते. त्यावरून झालेल्या भांडणात रमाताई ग्रुप सोडून गेल्या. झालं समाधान?

जोशी काका: मी फक्त माहिती म्हणून टाकला होता. देशोदेशी फूट पडतेय. मूळ कारण मोबाइल. 🙏

समीर: काका, १९९४ ला रवांडातल्या हत्याकांडात कुठे होते मोबाइल? तुत्सी जमातीविरुद्ध विष ओकत होता तो रेडिओ. आणि ओळखपत्रावर जमात, हुतू की तुत्सी, लिहायची पद्धत तर बेल्जियन राजवटीपासूनची.

जोशी काका: रेडिओ म्हणजे तेव्हाचा मोबाइलच.

वीणा: 😂😂

सचिव: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या ११ ते १ लिफ्ट बंद.

पाटील सर: थोडं लांबेल, माफ करा. अमेरिकेत पूर्वी दोन्ही पक्षांत दोन्ही मतांची माणसं असायची. १९६४-६५ च्या नागरी हक्क कायद्यांनंतर दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू डेमोक्रॅटांना सोडून रिपब्लिकनांकडे गेले. आता पक्ष, वंश, धर्म, शहर-खेडं अशा सगळ्या रेघा एकावर एक आल्यात. एका बाबतीत पटलं नाही की कशातच पटत नाही.

वीणा: सर, हा प्रश्न किती गुणांना?

मृणालताई: वीणा, पुरे. रमाताईंना फोन कोण करतंय?

समीर: शिवाय अमेरिकेत १९८७ ला रेडिओ-टीव्हीसाठीचं फेअरनेस डॉक्ट्रिन, म्हणजे समतोलाचं बंधन, गेलं. वादाच्या दोन्ही बाजू दाखवायचं बंधनच उरलं नाही.

पाटील सर: केबल वाहिन्यांना ते कधी लागूच नव्हतं. सगळं खापर त्यावर नको.

जोशी काका: मूळ कारण मोबाइल. 🙏

समीर: इंटरनेट जर्मनीतही आहे ना काका! बॉक्सेल, गेन्ट्झको आणि शपिरो या अर्थतज्ज्ञांनी १२ देशांची चार दशकांची तुलना केली. विरोधी पक्षाबद्दलचा राग अमेरिकेत सर्वांत वेगाने वाढला, जर्मनीत उलट कमी झाला. त्यांच्याच २०१७ च्या अभ्यासात अमेरिकेतली दुफळी जास्त वाढलेली दिसली ती वयस्कांमध्ये, जे इंटरनेट सर्वांत कमी वापरतात.

वीणा: वयस्कांमध्ये 👀

जोशी काका: रोख कुणाकडे आहे ते कळतं हो. वडीलधारे आहोत म्हणून गप्प बसतो.

सचिव: वैयक्तिक टीका नको, ही विनंती.

पाटील सर: मतदानाचे नियमही बघा. ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडायच्या, सार्वमतात ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१. राहायचं की निघायचं, एवढंच विचारलं. मधलं काही मागायची सोय नाही. ब्राझीलला २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत लुला ५०.९, बोल्सोनारो ४९.१, आणि पुढच्या जानेवारीत हरलेल्या बाजूचा जमाव संसदेत घुसला. जिंकणाऱ्याला सगळं मिळत असेल तर हरणाऱ्याला देशच गेल्यासारखं वाटतं. जर्मनीत आघाडी करावी लागते. उद्या ज्याच्याशी संसार करायचा, त्याला आज किती शिव्या घालणार?

मृणालताई: मग आघाडीवाल्या बेल्जियममध्ये २०१०-११ ला ५४१ दिवस सरकार का बनेना?

पाटील सर: तिथे फ्लेमिश आणि फ्रेंच भाषकांचे पक्षच वेगळे. मतं मागायला पलीकडे जावंच लागत नाही.

जोशी काका: बेल्जियममध्येही मोबाइल आहेत. 🙏