दोरीपेक्षा काठीकडे बघा
कोकणात सुती दोरीला पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून मॅक्रमे (काठीला दोऱ्या अडकवून नुसत्या गाठींनी केलेलं विणकाम) शिकताना नायलॉनच घ्या, असा एक सल्ला ऐकू येतो. पडवीत कुंडी टांगायची असेल तर कबूल, पण शिकायला नायलॉन नको. ती गुळगुळीत असते, गाठ सरकते, आणि आपलं चुकलं की दोरीच निसटली हे नवख्याला कळत नाही. ३-४ मिमीची सुती घ्या, बिघडलं तर उसवता येतं. लांबी तयार वस्तूच्या साधारण चौपट. मधोमध दुमडून काठीला अडकवणार असाल तर आठपट कापा.

बुरशीचं म्हणाल तर काठीही तपासा. आपल्याकडे जो तो किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड उचलतो (फुकट, शिवाय दिसतं झकास). पण त्यात मुरलेलं मीठ हवेतला ओलावा ओढतं. जुलैत हात लावून बघा, काठी चिकट लागते आणि नेमकी तिच्यावरची गाठींची पहिली ओळ काळपट पडते. लाकूड आठवडाभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, मग कडक उन्हात खडखडीत वाळवा. हे मे महिन्यातच उरका, मिरगानंतर ऊन कुठलं! चिऱ्याच्या भिंतीला चिकटवूनही टांगू नका, मागे हवा खेळू दे.

आणि हो, आडव्या पट्ट्यांसाठी लागणारी दुहेरी गाठ म्हणजे खुंटाला होडी बांधायची गाठच. बंदरावर कुणाला तरी सावकाश बांधून दाखवायला सांगा, व्हिडिओपेक्षा लवकर समजेल.