लांब राहून त्रास वाचतो का?
"जीव लावला की त्रास ठरलेलाच, त्यापेक्षा चार हात लांब राहिलेलं बरं" असं म्हणतात ते मला अर्धंच पटतं. त्रास होतो हे खरं, पण लांब राहून तो वाचतो असं काही दिसत नाही. जेम्स कोन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा 2006 चा एक प्रयोग आहे, 16 विवाहित बायकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून शॉक बसू शकतो असा इशारा द्यायचा, आणि त्या वेळी हातात कधी नवऱ्याचा हात, कधी अनोळखी माणसाचा, कधी कुणाचाच नाही. नवऱ्याचा हात धरला की मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यात कमी, आणि ज्यांचं आपसात चांगलं जमतं त्यांच्यात आणखी कमी (16 म्हणजे फार नाहीत, मान्य). म्हणजे ज्याच्यापायी जीव टांगणीला लागतो त्याच माणसाने तो थाऱ्यावरही येतो, आता यातलं एकच कसं घेणार?

माझ्या मते खरा वैताग जीव लावण्याचा कमी आणि न बोलण्याचा जास्त. मी प्रवासाला निघालो आणि "पोचलो" असा मेसेज टाकायला उशीर झाला की बहीण फोनवर नुसती फायर व्हायची, मग मीही चढ्या आवाजात, मग दोन दिवस अबोला. एकदा ओरडायच्या ऐवजी ती रडायलाच लागली, म्हणाली अरे भीती वाटते मला, लास्ट सीन बघत बसते मी. तेव्हापासून गाडीत बसलो की लाइव्ह लोकेशन टाकून मोकळा होतो. तिची काळजी तेवढीच आहे हो, फक्त भांडणं बंद झालीत.