आहार वाढवताच आठवड्यात दोन किलो वजन वाढले. पुन्हा कमी खावे का?

प्रश्न – वडगाव, बेळगाव

सर्वांना नमस्कार. माझे वय ३४ असून उंची पाच फूट दोन इंच आहे. गेल्या पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत मी एका व्यायामशाळेत मिळालेल्या तक्त्याप्रमाणे दिवसाला सुमारे ९०० कॅलरी एवढाच आहार घेत होते. भात पूर्ण बंद, दुपारी अर्धी भाकरी आणि रात्री केवळ सूप किंवा काकडी, असा तो तक्ता होता. वजन ६८ किलोवरून ५७ वर आले, पण केस गळू लागले, हातपाय सतत गार पडू लागले आणि पाळी अनियमित झाली. डॉक्टरांनी आहार वाढवायला सांगितल्यावर मी दोन्ही वेळा जोंधळ्याची भाकरी, थोडा भात, आमटी, अंडे आणि ताक असा साधारण १६०० कॅलरींचा आहार सुरू केला, आणि पहिल्याच आठवड्यात काटा ५९ च्या पुढे गेला. सासूबाई म्हणतात की जरा अंगाला लागू दे. मला मात्र रोज काट्यावर उभे राहताना धडकी भरते. ही चरबीच आहे का, आणि आहार पुन्हा कमी करावा का, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १ – आहारतज्ज्ञ, निपाणी

ताई, आहार कृपया कमी करू नका. आधी साधा हिशेब मांडू या. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. तुम्ही रोज ७०० कॅलरी वाढवल्या, म्हणजे आठवड्यात ४९०० झाल्या. त्यातली एकही कॅलरी शरीराने खर्च केली नाही असे धरले तरी चरबी पाऊण किलोसुद्धा होत नाही. शिवाय त्या सगळ्या जादा नाहीतच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीची रोजची गरजच १६६० कॅलरींची आहे. तुम्ही जेमतेम त्या गरजेपर्यंत पोहोचला आहात.

मग काटा का वाढला? आपले यकृत आणि स्नायू पिष्टमय पदार्थांतली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. पोटभर जेवणाऱ्या प्रौढ माणसात हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. भात-भाकरी बंद असताना हा साठा रिकामा होत गेला, म्हणून सुरुवातीला वजन भराभर उतरले असणार. आता तोच साठा पाण्यासह परत भरतो आहे. जेवण वाढले की इन्सुलिनही वाढते, त्यामुळे मूत्रपिंडे मीठ आणि त्यासोबत पाणी रोखून धरतात. आतड्यांत अन्नाचे प्रमाण वाढते, त्याचेही वजन काट्यावर दिसतेच. हे सगळे एकत्र धरले तर दोन किलोंत काही नवल नाही. ही वाढ बहुधा दोन-तीन आठवड्यांत थांबते.

उत्तर २ – वाचक, खानापूर

वरील उत्तर पटण्यासारखे आहे, पण त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते, कारण पुढची सगळीच वाढ पाण्याची असेल असे गृहीत धरणे बरोबर होणार नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटले, नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली आणि रात्रंदिवस जेवणाचेच विचार येऊ लागले. हातपाय गार पडण्याची तुमची तक्रार त्याच जातीची आहे. उपाशी शरीर थायरॉईडचे काम मंदावून ऊर्जा वाचवू लागते. पुन्हा जेवण सुरू झाल्यावर त्या तरुणांच्या अंगावर चरबी लवकर आली आणि स्नायू मात्र सावकाश भरले.

म्हणून नुसते चालणे पुरेसे नाही. बेळगावातल्या व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर चालायला जात असाल तर त्या फेऱ्या खुशाल चालू ठेवा, पण आठवड्यातून दोन-तीन वेळा वजन उचलण्याचा किंवा उठाबशांचा व्यायाम करा, आणि प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडे, दही यांपैकी काही ना काही असू द्या. यानंतर किलो-दोन किलो चरबी आलीच, तरी पाळी सुरळीत होण्यापुढे मी तिला किरकोळ मानेन.

उत्तर ३ – चिकोडी

बाळ, एक व्यवहारातली गोष्ट सांगते. आपल्याकडे भाकरीबरोबर ठेचा, लोणचे आणि तळलेला पापड ठरलेलाच असतो, आणि सूप-काकडीवर राहिलेल्या माणसाला हे मीठ एकदम जास्त होते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि काटाही वर जातो. पाळीच्या आधीही पाणी साठून असेच होते. रोजचा एकेक आकडा धरून बसू नकोस; सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून आठवड्याची सरासरी काढ आणि कंबरेचे माप महिन्यातून एकदा घे. भीतीच वाटत असेल तर काटा काही दिवस कपाटात ठेवलास तरी चालेल. जेवण मात्र सोडू नकोस, आणि ताक फार खारट करू नकोस.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. हिशेब वाचून पुष्कळ धीर आला. संध्याकाळी अंगठी घट्ट होते आणि चपलेचा पट्टा पायावर उमटतो, याचीही काळजी करू नये ना?

उत्तर – आहारतज्ज्ञ, निपाणी

संध्याकाळी येणारी आणि सकाळी उतरणारी हलकी सूज या काळात अनेकांना येते. परंतु घोट्यावर बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, एकाच पायाला सूज असेल, धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल किंवा खूप अशक्तपणा वाटत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. कित्येक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या किंवा अतिशय कृश झालेल्या व्यक्तीने एकदम भरपूर जेवण सुरू केले, तर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली जाऊन जिवाला धोका होऊ शकतो. तुमच्या वजनाकडे आणि आहाराकडे पाहता तो धोका कमी वाटतो, तरीही हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी तो सांगणे मला आवश्यक वाटते. केस गळणे थांबायला काही महिने लागतात, त्यामुळे त्यावरून आहार चुकतो आहे असे समजू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना पाळीच्या तारखा दाखवा आणि लोह व थायरॉईडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.