फ्रेशरने बायोडेटात काय लिहावं?

‘अनुभवच नाही, तर बायोडेटात लिहायचं काय?’ असं वर एकाने विचारलंय, म्हणून हा प्रतिसाद. भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान टूलरूममध्ये (साचे, हत्यारं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये) क्वालिटीसाठी, म्हणजे माल तपासण्यासाठी, मुलं निवडायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

बहुतेक बायोडेटांत ‘हार्डवर्किंग, टीम प्लेअर’, छंद आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ एवढंच असतं. त्यावरून माणूस कळत नाही. मागच्या वर्षी डिप्लोमाच्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘प्रोजेक्टसाठी ४० बुश टर्न केले, ६ रिजेक्ट झाले, टूलची धार गेली होती.’ (बुश म्हणजे लेथवर कातून केलेली पोकळ नळकांडी.) तिला लगेच बोलावलं. मुलाखतीत हातात व्हर्नियर, म्हणजे जबड्यांत धरून बारीक मापं घ्यायचं साधन, दिला. तिने आधी जबडे पुसले, मिटवून झिरो एरर पाहिला (मिटल्यावर शून्यच दाखवतो ना ते) आणि मग जॉब, म्हणजे मोजायचा भाग, मोजला. लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी हे पाठ असलेले पुष्कळ येतात, जबडे पुसणारे फार थोडे. माझा निर्णय तिथेच झाला.

तेव्हा कॉलेजचा प्रोजेक्ट असो, अप्रेंटिसशिप असो की सुट्टीत काकांच्या वर्कशॉपमध्ये केलेलं काम, जे स्वतःच्या हाताने केलंत ते आकड्यांसकट लिहा. एक पान पुरतं. पीडीएफला स्वतःचं नाव द्या, कारण ‘रिझ्युम फायनल’ नावाच्या ढिगात चांगली मुलं खरंच हरवतात, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

इंग्रजीचं दडपण घेऊ नका. आमच्या मुलाखती मराठीतच होतात. ड्रॉइंगवरचं एखादं चिन्ह ओळखता आलं नाही तर सरळ ‘येत नाही’ म्हणा, ते आम्ही शिकवतो.