लेव्यांची कामं घराण्यावर वाटली ती घराणेशाही होती का?

रानवाट
बायबलमधल्या लेवी वंशाची (इस्राएलातला देवाच्या तंबूची सेवा करणारा वंश) कामं घराण्यावर ठरलेली होती म्हटलं की लोक लगेच घराणेशाहीचा शिक्का मारतात, मला ते बिलकुल पटत नाही. गणना ४ (गणना पुस्तकाचा चौथा अध्याय) नीट वाचा. रानातून फिरताना हा तंबू मोडून उचलून न्यायचा, आणि ते काम लेवीच्या तीन घराण्यांत वाटलेलं. गेर्षोनाकडे पडदे आणि आच्छादनं, मरारीकडे फळ्या, खांब, खुंट्या, दोऱ्या, कहाथाकडे कोश (कराराची पवित्र पेटी), मेज, दीपवृक्ष. ही तर हमाली आहे हो! मरारीच्या लोकांना कोणती वस्तू कोणी उचलायची ते नावानिशी नेमून द्या असं लिहिलंय, म्हणजे छावणी हलली आणि दोरी मागे राहिली तर कोणाला विचारायचं ते पक्कं. वय ३० ते ५०, देशात जमिनीचा वाटा नाही, दशमांशावर गुजराण. आणि मोशे एवढा मोठा पुढारी, पण त्याच्या स्वतःच्या पोरांना याजकपद (देवापुढे अर्पणं करायचं पद) नाही, ती साधी लेव्यांत मोजली गेली, आणि त्याच्या जागी आला यहोशवा, तो एफ्राईम वंशाचा. घराणेशाही अशी असते?

ओसरी
मोशेचं सांगितलंत, त्याच्या भावाचं, अहरोनाचं, सोयीस्कर सोडलंत. महायाजकपद (मुख्य याजकाचं पद) अहरोनाकडून मुलगा एलाजाराकडे, तिथून नातू फिनहासाकडे. देखरेखही मुलांचीच, गेर्षोन आणि मरारी अहरोनाच्याच दुसऱ्या मुलाच्या, इथामाराच्या हाताखाली. पुढे याचं काय झालं ते शिलोला, म्हणजे तंबू नंतर जिथे होता तिथे, दिसतं. तिथल्या एली याजकाची पोरं हफनी आणि फिनहास (हा दुसरा फिनहास), यांचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, मांस शिजत असलेल्या भांड्यात खुपसायचा आणि वर येईल ते याजकाचं. देवासाठी चरबी जाळायच्या आधीच कच्चं मांस मागायचे, नाही दिलं तर जबरदस्तीने घेईन म्हणायचे. जन्माने पद मिळालं की माणूस असाच माजतो.

रानवाट
@ओसरी पण त्याच पुस्तकात, १ शमुवेलात, देवाने एलीला खडसावलंय की तू माझ्यापेक्षा तुझ्या मुलांचा मान जास्त राखतोस. म्हणजे बापाने आवरलं नाही हा दोष, आणि शेवटी राजा शलमोनाने एलीच्या वंशातल्या अब्याथाराला काढून टाकलं आणि सादोकाला बसवलं. पद घराण्याचं असलं तरी जहागीर नव्हती, काढून घेता येत होतं.

ओसरी
काढलं, पण किती पिढ्यांनी! एली मेला, पहिला राजा शौल गेला, दाविदाचं राज्य झालं आणि मग शलमोन. तोपर्यंत शिलोला गावाकडून बोकड घेऊन येणाऱ्या माणसाने दाद कोणाकडे मागायची? आणि एलीनंतरच्या पुढाऱ्याने, शमुवेलानेही तेच केलं की, स्वतःच्या पोरांना न्यायाधीश नेमलं आणि ती लाच खायला लागली, म्हणून तर लोकांनी राजा मागितला.

खडीसाखर
मला मोशे आणि अहरोनाविरुद्ध उठलेल्या कोरहाबद्दल बोलायचंय. तो म्हणाला सगळी मंडळी पवित्र आहे, मग तुम्ही दोघं स्वतःला उंच का करता. आणि निर्गम १९ मध्ये देवानेच म्हटलंय की तुम्ही मला याजकांचं राज्य व्हाल, म्हणजे वाक्य चूक नव्हतं. पण कोरह स्वतः कहाथाच्या घराण्यातला, कोश ज्यांच्या खांद्यावर त्यांतला. मोशे त्याला विचारतो की एवढं जवळचं काम मिळालं ते कमी वाटलं का, आता याजकपदही हवंय? त्याला सगळ्यांसाठी काही नको होतं, त्याला एक पायरी वर जायचं होतं. आणि त्याची मुलं मात्र मेली नाहीत असं गणना २६ मध्ये सरळ लिहिलंय, पुढे त्याचेच वंशज द्वारपाळ झाले आणि स्तोत्रांच्या मथळ्यांवर त्यांचं नाव आहे. बापाच्या पापापायी घराण्याची सेवा बंद केली नाही, हे मला फार मोठं वाटतं.

ओसरी
हे छान मांडलंत. तरी एज्रा २ बघा, बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या काही याजक घराण्यांना वंशावळीत नाव सापडलं नाही म्हणून बाजूला ठेवलं. यादीत नाव नाही एवढ्यावरून सेवा बंद, हे मला आजही बोचतं.

रानवाट
@ओसरी बोचतं मलाही. पण दुसरी बाजू शास्ते १७-१८ मध्ये आहे. मीखा नावाच्या माणसाने घरात देवघर केलं, आधी स्वतःच्या पोराला याजक बनवलं, मग बेथलेहेमचा एक लेवी वर्षाला चांदीचे १० तुकडे, कपडे आणि जेवणावर ठेवून घेतला, आणि दान वंशाच्या लोकांनी जास्त मोठी जागा देऊ केल्यावर तो खुशीने त्यांच्याबरोबर गेला. नेमणूक ज्याच्या त्याच्या हातात गेली की पैसे देणारा मालक होतो. म्हणून मला १ इतिहास २४ ची पद्धत आवडते, याजकांच्या २४ पाळ्या, एलाजाराच्या वंशातले १६ प्रमुख आणि इथामाराचे ८, क्रम चिठ्ठ्या टाकून. गायकांचंही तसंच, लहानमोठा, गुरू-शिष्य सगळे एकाच चिठ्ठीत.

ओसरी
चिठ्ठीने पाळी ठरली, पण चिठ्ठीत नाव जायचं ते जन्मानेच ना.